मागवलेल्या गाडीची मुदत

साहेब, वहिनींचा जबडा तुम्ही मोडलात. हात त्याचा होता, दार गाडीचं होतं, पण मोडलात तुम्ही. हे मी तुमच्या तोंडावर म्हणाले तेव्हा तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत आणि हवालदाराला सांगितलंत, "हिला बाहेर बसव, डोकं थंड होऊ दे." माझं डोकं थंड होणार नाही. कालपासून तुम्ही मला एकच विचारताय. पाना कुठून आणला, पाना कोणी दिला, पाना कितीदा मारला. पान्यावर तुमचा भारी जीव. आता मी पहिल्यापासून सांगते. पाना त्याच्या जागी येईल, काळजी करू नका.

मी स्पोर्ट्स गाड्या विकते. दोन दारांच्या, रस्त्याला पोट घासत जाणाऱ्या, ज्या बघून जाणत्या पुरुषांची लाळ गळते त्या. शोरूममध्ये मला मिरची म्हणतात, समोरही आणि मागंही. आमच्याकडे गाडी दोन तऱ्हेनं मिळते. एक काचेमागं तयार उभी असते. तिचा रंग, सीट, चाकं, सगळं कुणी तरी आधीच ठरवून टाकलेलं. पटली तर सही करा, किल्ली घ्या आणि सुटा. दुसरी मागवलेली. ती अजून जन्मलेलीच नसते. रंग तुम्ही सांगायचा, सीटचं कातडं तुम्ही, कातड्यावरच्या शिलाईचा दोरासुद्धा तुम्ही. मग कारखाना ती बनवतो आणि तुम्ही महिनोन् महिने वाट बघता. बहुतेक गिऱ्हाइकं मागवायची म्हणून येतात आणि तयार घेऊन जातात, कारण माणसाला धीर नसतो. मॅनेजरलाही तेच हवं असतं. विकली न गेलेली गाडी म्हणजे त्याच्या छातीवर बसलेला धोंडा.

तर तो आला. पाडकामाचा कंत्राटदार. जुन्या इमारती पाडायच्या, मलबा उचलायचा, जागा मोकळी करून द्यायची. त्याचे कामगार त्याला पाठीमागं घण्या म्हणतात. मीही तेच म्हणणार. त्याचं खरं नाव तुमच्या दप्तरी 'तक्रारदार' म्हणून झोकात लिहिलेलं आहेच.

बरोबर आई आणि बायको. आई पुढं, तो मध्ये, बायको इतकी मागं की काचेचं दार तिच्यावरच मिटलं. घण्या सरळ लाल गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि असं आपटलं की काचेवरची धूळ उडाली. परत उघडलं, परत आपटलं.

"आपटल्याशिवाय कळत नाही," तो मला म्हणाला. "गाडीचं काय आणि बाईचं काय."

मॅनेजर हसला. गिऱ्हाईक असेल तर आमचा मॅनेजर मयतालाही हसेल.

"सर, ही आजच घेऊन जा," मॅनेजर म्हणाला. "संध्याकाळी तुमच्या दारात."

"लाल? मी काय आगीचा बंब चालवतो का रे?"

"रंग सोडला तर एकदम तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे, सर."

"तयार मालाचा मला अनुभव आहे." घण्यानं हनुवटीनं बायकोकडे दाखवलं. "ही बघ. हिला तयारच उचलली होती, जशी होती तशी. मागवून घेतली असती तर मापात तरी मिळाली असती."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खुसखुसल्या. "मी तेव्हाच म्हणत होते, बाळा, जरा थांब म्हणून. ऐकतोय कोण!"

मी कातड्याच्या नमुन्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बायकोसमोर सरकवला. "वहिनी, तुम्ही बघा." ती उजव्या हातानंच नमुने उलटत होती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिलेली, खुंटीसारखी. माझी नजर तिथं गेली तशी ती म्हणाली, "दारात सापडली होती." मी विचारलंही नव्हतं.

मग ती नवऱ्याकडे वळली आणि पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "अहो, मागवूच या. आपली गाडी दुसऱ्याच्या पसंतीची कशाला? या सीटवर तर रोज दहा जण बसून जात असतील."

घण्यानं तिच्याकडे बघितलं. घरातला पाट बोलला तर माणूस जसं बघेल तसं. मग मान हलवली. "कधी नव्हे ते डोकं चालवलंस."

साहेब, मला वाटलं ही त्याला लोणी लावतेय. नंतर तिनं हात धुवायची जागा विचारली, मी दाखवायला गेले, तर तिनं नळ पूर्ण सोडला आणि माझं मनगट धरलं.

"ताई, मागवलेली यायला किती लागतात?"

"सहा-सात महिने. कधी जास्तही."

"जास्त करता येतात का?"

मला समजेना. गिऱ्हाईक लवकरसाठी पाया पडतं. उशिरासाठी कुणी पाया पडल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. तिनं भराभर सांगितलं, नळाच्या आवाजाखाली, डोळे दारावर.

"तो वाट बघत असला की माणसासारखा असतो, ताई. घर बांधत होतो तेव्हा बांधकाम चालू होतं तोवर त्यानं मला बोट लावलं नाही. रोज नवी फरशी, रोज नवा नळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचा. घर झालं. राहायला गेलो त्याच दिवशी मला जिन्यावरून ढकललं."

"का?"

"पडदे आखूड झाले म्हणून." ती असं म्हणाली जसं खरंच पडदे आखूड होते आणि तो मुद्दा रास्त होता. "हातात वस्तू आली की त्याला सांगायला काही उरत नाही. मग हात शिवशिवायला लागतात."

मग मुलीचं सांगितलं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा झाली की दूरच्या वसतिगृहात जाणार, तिथं तिची जागा पक्की झालेली. "ती एकदा बाहेर पडली की मी त्या घरात एक दिवस राहणार नाही. आत्ता निघाले तर तो तिला वर्गातून ओढून आणील आणि कोंडून ठेवील. तेवढे दिवस निघायला हवेत, ताई. तोवर गाडी येता कामा नये."

तिनं नळ बंद केला, तोंड पुसलं, आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय हो यांनी."

मी ठरवलं. मला कुणी शपथ घातली नव्हती. पण त्या दोन बोटांकडे बघून जिला काही वाटणार नाही तिनं गाड्या विकू नयेत, दगड विकावेत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगते, कारण सगळं त्यावरच चाललं. मागवलेल्या गाडीची ऑर्डर एका दिवशी पक्की होते. आम्ही म्हणतो, लॉक झाली. लॉक होईपर्यंत गिऱ्हाईक हवं ते बदलू शकतं, पण प्रत्येक बदलाला ऑर्डर रांगेच्या शेपटाला जाते. शहाणं गिऱ्हाईक म्हणून एकदाच ठरवतं. वहिनींनी हे माझ्याकडून एकदा ऐकलं आणि पुरेपूर वापरलं.

त्या कधीच म्हणाल्या नाहीत की बदला. घण्यानं राखाडी रंग आणि पिवळा दोरा ठरवला. सही करायला आला तेव्हा वहिनी नमुन्यावर हात फिरवत म्हणाल्या, "छान आहे. तुमच्या त्या खडीवाल्या मित्राच्या गाडीलाही पिवळाच आहे ना?"

बस. एवढंच.

"कुणाच्या?" घण्याचं पेन थांबलं. "त्या भिकारड्याच्या? काढ तो पिवळा! ए मिरची, काढ!"

पुढच्या खेपेला चाकं. "किती शोभतात," वहिनी म्हणाल्या. "तरुण पोरं घेतात तशीच." घण्यानं चाकं बदलली. मग सीट. सीटच्या खेपेला सासूबाईंनीच मदत केली. त्यांनी बसून बघितलं आणि उठता येईना. दोघांनी ओढून काढल्या. "यात बसायचं की निजायचं? मेली ही गाडी आहे की घसरगुंडी!" सीट बदलली. ऑर्डर परत शेपटाला.

"मिरचे," मॅनेजर दात खाऊन म्हणाला, "गाडी बनतेय की धरण?"

"गिऱ्हाईक देव असतं, सर. तुम्हीच शिकवलंत."

त्या महिन्यांत वहिनी माझ्या डोळ्यांसमोर माणसात आल्या. मानेवर आधी बोटांचे निळे वळ होते, ते पिवळे झाले, मग गेले. कॉफीबरोबरची बिस्किटं खाऊ लागल्या. एकदा तर मोठ्यानं हसल्या आणि स्वतःच्याच हसण्यानं दचकून मागं बघितलं.

पण घण्याचे हात काही रजेवर नव्हते, साहेब. घरात वाट बघणारा माणूस साइटवर तोच होता. तो स्वतःच सांगायचा, आमच्या सोफ्यावर पाय पसरून. कालच एकाला फावड्याच्या दांड्यानं हाणला, खांद्याचं हाड असं वाजलं म्हणे, वाळकी काटकी मोडावी तसं. हे सांगताना त्यानं मला दोन बोटांनी चुटकी वाजवून दाखवली. मॅनेजर हसला. आमच्याकडे गाड्या धुणारे काका आहेत, त्यांच्या पाइपाचे चार शिंतोडे घण्याच्या बुटावर उडाले. यानं काकांचा हात जमिनीवर होता त्यावर बूट ठेवला आणि सगळा भार टाकून मॅनेजरशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. काका ओरडले नाहीत. त्यांचे ओठ पांढरे पडले. मी मधे पडले तेव्हा घण्या म्हणाला, "अरे, इथं हात होता का? मला वाटलं फडकं."

काकांची तक्रार घेऊन कोण आलं तुमच्याकडे? कुणी नाही. आणि का येईल? ते पुढं कळेलच.

शेवटी ऑर्डर लॉक झाली. मी तारखा मोजल्या. गाडी येणार परीक्षेनंतर, मुलगी वसतिगृहात गेल्यानंतर. वहिनींनी तारीख ऐकली आणि टेबलाखालून माझा हात दाबला. गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं. घोडं काठावरच होतं.

कारखान्याचा निरोप आला की सीटचं कातडं संपलंय, गाडी आणखी लांबणार. घण्या दुपारी आला. मॅनेजर उभा राहून समजावू लागला, "सर, मागवलेल्या गाडीत असं थोडंफार..." घण्यानं त्याचा टाय मुठीत गुंडाळला आणि त्याचं तोंड काचेच्या टेबलावर आपटलं. दारं आपटायचा तसंच. एकदा, आणि कळलं का बघून परत एकदा. काच तडकली. मॅनेजरचं नाक कुठल्या बाजूला आहे ते कळेना. रक्त माहितीपत्रकांवर, त्यातल्या चकचकीत गाड्यांवर. शोरूममध्ये तीन गिऱ्हाइकं होती, तिन्ही टायर बघायला लागली.

"आठ दिवसांत गाडी," घण्या म्हणाला आणि टाय सोडून हात त्याच टायला पुसला.

मॅनेजरनं काय केलं? तुमच्याकडे आला? छे. नाकात कापूस कोंबला आणि फोन उचलला. दुसऱ्या गावातल्या शोरूममध्ये काय काय उभं आहे ते विचारू लागला. आमच्यात तसं चालतं. एकाकडचा तयार माल दुसरा उचलतो. आणि त्याला सापडली. तोच राखाडी रंग, तीच चाकं, तीच सीट. फक्त दोरा पांढरा. कुणी तरी मागवलेली, मग नको म्हणून सोडून दिलेली. ती गाडी आठवड्यात आमच्या दारात येणार होती. परीक्षा अजून सुरूही झाली नव्हती.

मी मॅनेजरला केबिनमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. जिना, पडदे, मुलगी, सगळं.

"मिरचे, माझं नाक बघ."

"बघतेय. म्हणूनच सांगतेय. तुमचं नाक मोडलं, तिचं काय मोडेल?"

"तिच्या मुलीची परीक्षा वर्षातून एकदा. माझी रोज असते." तो नाकातून बोलल्यासारखा बोलत होता, कापसामुळे. "ऑर्डर रद्द करतोय. तयार देतोय. घरची भांडणं घरी ठेवा."

"मग गाडी उशिरा पोचली असं तरी करा. ट्रक बंद पडला म्हणा. रंगाला ओरखडा आलाय म्हणा."

"आणि दुसऱ्यांदा टेबलावर तोंड तू ठेवणार का माझ्याऐवजी?"

खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली आणि किळसही. मी बाहेर आले आणि वहिनींना फोन केला. आणि साहेब, आम्ही दोघी तुमच्याकडे आलो.

आठवतंय? नसेल आठवत तर मी आठवण करून देते. तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होतात. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, जिच्या तोंडून शब्द निघायला महिने लागले त्या बाईनं न रडता, ओळीनं सांगितलं. बोटं दाखवली. गाडी का मागवली तेही सांगितलं, कारण तुम्ही विचारलंत, "मग इतके महिने गप्प का बसलात?"

"आत्ता मारलंय का?" तुम्ही म्हणालात.

"आत्ता नाही."

"शेवटचं कधी?"

"गाडी मागवायच्या आधी."

तुम्ही हसलात. बिस्कीट चहात पडलं तरी हसत होतात. "म्हणजे गाडी आली की मारणार? अहो बाई, गाडी आली की माणूस बायकोला फिरायला नेतो."

मी म्हणाले, "साहेब, लिहून तरी घ्या. निदान त्याला कळू दे की कुठं तरी लिहिलंय."

तुम्ही काय म्हणालात? हे शब्द माझे नाहीत, तुमचे आहेत. "आम्ही घडलेलं लिहितो. घडणार असलेलं लिहायला आम्ही ज्योतिषी नाही. मारलं की या."

मारलं की या. दुकानदार म्हणतो तसं. माल आला की या.

आम्ही पायऱ्या उतरलो. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, ताई. निदान त्यांनी ऐकून तरी घेतलं." जिचं कुणी कधी ऐकलंच नाही तिला ऐकून घेणंसुद्धा मोठं वाटतं.

गाडी आली. आम्ही गाडी देतो त्या हॉलमध्ये ती कापडाखाली झाकून उभी होती. घण्या नवा शर्ट घालून आला. आई फोन हातात धरून, व्हिडिओ काढायला. वहिनी मागं. मी वहिनींकडे बघितलं, त्यांनी डोळ्यांनी सांगितलं, अजून काही नाही. पण घण्या जास्तच गोड बोलत होता. मॅनेजरला मिठी मारली, नाकाबद्दल विचारलं. मला म्हणाला, "मिरचीबाई, तुमचे फार उपकार."

"कापड तू काढ," तो वहिनींना म्हणाला. "तुझीच गाडी आहे. तूच मागवायला लावलीस."

वहिनींनी कापड ओढलं. एका हातानं नीट येईना, सासूबाई म्हणाल्या, "अगं, धड ओढ की! व्हिडिओ चाललाय." गाडी उघडी झाली. खरंच सुंदर होती, खोटं बोलत नाही. घण्या तिच्याभोवती एक फेरी फिरला. सीटवरचा दोरा नखानं उचकटून बघितला.

"पांढरा," तो म्हणाला.

"सर, तेवढंच फक्त..." मॅनेजर.

"असू दे, असू दे." त्यानं दार उघडलं. "बस."

वहिनी बसल्या. त्यानं दारावर हात ठेवला आणि वाकून आत बघितलं. हे मी दोन पावलांवरून ऐकलं, साहेब, शब्द न् शब्द.

"आली ना गाडी? आता काय होणार, सांग. साहेबांना काय म्हणालीस? त्यांचा फोन आला होता मला. 'गाडी आली की तुम्ही मारणार म्हणे हिला,' असं म्हणाले आणि पोट धरून हसले. मीही हसलो. काय करणार? चारचौघांत हसावंच लागतं."

फोन केलात तुम्ही त्याला. 'समज दिली' असं तुम्ही काल म्हणालात. समज! पुरुषानं पुरुषाला विनोद सांगावा तसा तिचा जीव सांगितलात. ती महिनोन् महिने पोटात लपवत आली ती एकच गोष्ट, वेळ काढतेय ही, एका फोनवर त्याच्या हातात दिलीत. आठवतंय का, ती तुमच्यापुढं खुर्चीच्या कडेवर का बसली होती? कारण तिला अजून पूर्ण बसायची सवय नव्हती.

वहिनींनी एक पाय बाहेर टाकला आणि उठू लागल्या. डोकं दाराच्या फटीत होतं. त्यानं दार लावलं.

या गाड्यांची दारं लांब असतात, जड असतात. गिऱ्हाइकाला आम्ही ती लावून दाखवतो, आवाज ऐकवतो. तो आवाज वेगळा झाला. मधे काहीतरी ओलं होतं. तो थांबला, दार उघडलं, त्या खाली घसरत होत्या, त्यानं परत लावलं. दात फरशीवर पडला आणि घरंगळत माझ्या बुटापाशी आला. वहिनींच्या तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हते, शब्द होण्यासाठी जबडा लागतो.

सासूबाई किंचाळल्या. काय म्हणून किंचाळल्या ते सांगते. "अरे, सीटवर रक्त पडतंय! पांढरा दोरा आहे!"

मॅनेजर स्वतःचे बूट बघत होता.

तर, पाना. गाडी द्यायच्या आधी चाकांचे नट आवळतात, तो लांब दांड्याचा पाना ट्रॉलीवर पडलेला होता. कुणी दिला नाही. मी घेतला. दार तिसऱ्यांदा मागं चाललं होतं. मी त्याच्या उजव्या कोपरावर मारला. हात दारावरून सुटला आणि उलट्या बाजूला लोंबायला लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आश्चर्यानं, जणू भिंतीनंच त्याला घण मारला. दुसरा फटका मी गुडघ्यावर मारला. तो मुद्दाम मारला. तो उभा राहिला असता तर त्यानं वहिनींना आणखी मारलं असतं म्हणून. तिसरा समोरच्या काचेवर. तो रागाचा होता, काचेनं माझं काही केलं नव्हतं.

तुमचे लोक किती लवकर आले! मी कधी एवढी चपळाई बघितली नाही. घण्या स्ट्रेचरवर होता तिथंच त्याची तक्रार लिहून झाली, हवालदार पळत पळत लिहीत होता. फुटलेल्या काचेचा पंचनामा झाला. तुकडे मोजले, फोटो काढले. जबड्याचा पंचनामा कुणी केला नाही. फरशीवरचा दात काकांनी त्यांच्या त्याच दुखऱ्या हातानं उचलला आणि रुमालात बांधून रुग्णालयात पोचवला.

मी काल विचारलं, वहिनींची तक्रार? तुम्ही म्हणालात, बाईनं स्वतः येऊन सांगावं. जबडा तारेनं बांधलाय, तोंड उघडत नाही, मी म्हणाले. मग लिहून देऊ दे. त्यांनी लिहून दिलं, रुग्णालयातून. तुम्ही ते उलटसुलट केलंत आणि म्हणालात, "हे दबावाखाली लिहिलेलं दिसतंय. अक्षर थरथरतंय." अक्षर थरथरतंय, साहेब! थरथरणार नाही तर काय नाचेल?

असो. मला काय करायचं ते करा. पान्याचे तीन फटके माझे, ते मी कुणावर ढकलत नाही. आत ठेवा, बाहेर ठेवा, वकील देऊ नका, काही म्हणायचं नाही. मॅनेजरनं मला काढून टाकलंय, त्यालाही काही म्हणायचं नाही.

पण एक ऐका. आज सकाळी हवालदार फोनवर कुणाला तरी सांगत होता ते माझ्या कानावर आलं. घण्याला आज दुपारी घरी सोडतायत. पायाला प्लॅस्टर, उजवा हात गळ्यात. डावा हात शाबूत आहे. आणि मुलगी त्या घरात आहे, आजीजवळ, पुस्तकं घेऊन. तिचा पहिला पेपर उद्या आहे. तिच्या आईनं गाडीला महिनोन् महिने रांगेच्या शेपटाला ढकललं ते या एका पोरीसाठी. घण्याला आता कशाचीच वाट बघायची नाही. गाडी आली, फुटली, बायको रुग्णालयात. त्याच्या हाताशी घरात आता कोण आहे ते तुम्हीच सांगा.

अजून मारलेलं नाही, मला माहीत आहे. तुमच्या नियमानं अजून काही घडलेलं नाही. रुग्णालयातून त्याला घरी नेणारी गाडी तुमच्या चौकीवरूनच जाईल, आणि दुपार व्हायला फार वेळ नाही.

वहिनींची बहीण बाहेर पायऱ्यांवर बसलीय, मुलीला न्यायला आलीय. तिच्याबरोबर दोन माणसं पाठवा, पोरीला आणि पोरीच्या पुस्तकांना बाहेर काढा, एवढंच मागतेय. पाठवताय की नाही? मान खाली घालून कागद चाळू नका, साहेब. माझ्याकडे बघा. हो की नाही?